हिशेब कोणाच्या हाती द्यावा?

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. मिरजेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत तिची चार मशिनं आहेत आणि गल्लीतल्या दोन मुली रोज तिच्याकडे कामाला येतात. वर्षभर परकर, गाऊन, बुरखे, अभ्रे. एप्रिल उजाडला की शाळांचे गणवेश. सगळी मिळून वर्षाची विक्री आठ-नऊ लाखांच्या आसपास. त्यातून कापड, मजुरी, धागा-बटणं, वीज आणि रिक्षाभाडं गेलं की जे उरतं त्याचा घराला चांगला आधार होतो. पण याला धंदा म्हणायला ती स्वतःच लाजते. कोणी विचारलं तर 'थोडं शिवते' म्हणते.

दोन वर्षांपूर्वी तिची वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर मे महिन्यात हातची गेली. शिलाई उसवली नव्हती, मापं चुकली नव्हती, माल द्यायला उशीरही झाला नव्हता. हिशेब ज्याच्या हाती दिला होता त्याने काय केलं आणि काय केलं नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच कारण. त्या दोन मुलींना ऐन सीझनमध्ये घरी बसावं लागलं. एकीचं लग्न ठरलेलं होतं आणि भांड्यांचे पैसे त्याच दोन महिन्यांत जमायचे होते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कराच्या कायद्याशी माझा संबंध पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेपुरता. पण त्या मे महिन्याच्या सुट्टीत जावेबरोबर मी इतक्या ऑफिसांच्या पायऱ्या चढले की बरंच काही शिकून बाहेर पडले. आपल्या घरांमध्ये थोडं शिवणारी, मसाला कुटून देणारी, नानखटाई भाजणारी, मोबाइल दुरुस्त करणारी, टेम्पो चालवणारी माणसं घरटी एखादं तरी असतंच. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात अगदी साधी होती. एका शाळेच्या क्लार्कने जावेला सांगितलं, "बिल जीएसटीचं लागेल." माझ्या दिरांच्या ओळखीत एकजण जीएसटीची कामं करायचा. आपल्याच मोहल्ल्यातला, आपलाच माणूस. पॅन, आधार, लाइट बिल, फोटो दिले. आठवड्याभरात नंबर आला. त्या वर्षीचे गणवेश गेले, पैसे आले, सगळे खूश. जुलैनंतर शाळेचं काम संपलं. जावेला वाटलं, जीएसटीचं बिलच फाडलं नाही तर भरायचं काय? तिने काही कळवलं नाही. त्यानेही काही विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात क्लार्कने तिचा नंबर संगणकात टाकला आणि पडदा तिच्याकडे वळवला. नंबर रद्द झालेला होता. ऑर्डर दुसऱ्या दुकानाला गेली.

नंतर उलगडलं ते असं. नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. त्याला नील रिटर्न म्हणतात. तिमाही रिटर्न भरणाऱ्याने लागोपाठ दोन तिमाह्या काहीच भरलं नाही, तर अधिकारी नोंदणी रद्द करू शकतो. त्याआधी नोटीस येते. ती आलीही होती, पण ईमेलवर, आणि नोंदणी करताना त्या गृहस्थाने ईमेल स्वतःचा टाकला होता. मोबाइल नंबरही स्वतःचाच. रद्द झालेली नोंदणी पुन्हा जिवंत करायला आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. तो आदेशही त्याच्याच ईमेलमध्ये पडून राहिला, आणि ९० दिवस आम्ही निवांत झोपलो होतो.

तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने आमचा एक रुपया खाल्ला नाही. मधल्या काळात त्याने हे काम सोडून दुसरं काहीतरी सुरू केलं होतं, आणि ते आम्हाला सांगावं असं त्याला वाटलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. विचारायचं कसं? ओळखीचा माणूस. 'रिटर्न भरल्याची पावती दाखवा' म्हटलं तर त्याला वाटणार, आमच्यावर भरवसा नाही. हा लिहाज आपल्याकडे फार आहे. चांगलाही आहे, पण हिशेबात तो आणला की दोघांचंही नुकसान होतं.

सूरह बकरहच्या २८२व्या आयतीकडे मी त्या दिवसांत पुन्हा वळले. कुरआनमधली ही सगळ्यात लांब आयत, आणि ती आहे देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल. ठरावीक मुदतीचं देणं असेल तर लिहून घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. यावेळी माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. मजकूर सांगायचा तो लिहिणाऱ्याने नव्हे, तर ज्याच्यावर देणं आहे त्याने. लिहिणारा वेगळा, सांगणारा वेगळा. आम्ही दोन्ही कामं लिहिणाऱ्यावर सोपवून मोकळे झालो होतो.

सुट्टीतल्या एका सोमवारी आम्ही दोघी सांगलीला जीएसटी कार्यालयात गेलो. जाऊ घाबरली होती. पर्स सारखी या हातातून त्या हातात घेत होती. तिथल्या साहेबांनी पॅन, आधार आणि धंद्याच्या जागेचा पुरावा पाहिला, अर्ज लिहून घेतला आणि नोंदणीतला मोबाइल व ईमेल बदलून दिला. नवा पासवर्ड आला तो प्रथमच जावेच्या स्वतःच्या फोनवर. बाकी राहिलेली रिटर्न भरली, विलंब शुल्क भरलं. नील रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला २० रुपये आणि एका रिटर्नमागे जास्तीत जास्त ५०० असा हिशेब होता, त्यामुळे ती रक्कम फार नव्हती. गेलेली ऑर्डर फार होती.

त्याच आठवड्यात माझ्या एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून आम्ही एका चार्टर्ड अकाउंटंटकडे गेलो. वयस्क गृहस्थ, टेबलावर फायलींचे ढीग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, मुळात नंबर घेतला कशाला?"

क्लार्कने सांगितलं म्हणून, असं आम्ही म्हणालो. ते हसले नाहीत, उलट कागद ओढून समजावत बसले. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते. सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे. स्वतःचं कापड आणून गणवेश शिवून विकला तर तो माल. गिऱ्हाइकाने कापड दिलं आणि आपण फक्त शिलाई घेतली तर ती सेवा. जाऊ दोन्ही करते, म्हणून तिने २० लाखांची मर्यादा धरावी. ती नऊ लाखांवर आहे. परराज्यात माल पाठवायला लागलात तर गोष्ट वेगळी, ही सूट तेव्हा साधारणपणे मिळत नाही; पण तिचा माल मिरज-सांगलीच्या बाहेर जातच नाही.

"आणि शाळेचं म्हणाल," ते पुढे म्हणाले, "तर शाळेच्या शिक्षणाच्या फीवर जीएसटी नसतो. त्यामुळे तुमच्या बिलातला जीएसटी शाळेला कुठे वळता करून घेता येत नाही. तो त्यांना खर्चच पडतो. तुमच्या साध्या बिलाने शाळेचं काहीच बिघडत नाही, उलट कर वाचतो."

म्हणजे ज्या नंबरासाठी हा सगळा खटाटोप, तो नकोच होता. क्लार्कला सवयीने वाटलं, आम्हाला भीतीने वाटलं, आणि नंबर काढून देणाऱ्याने गरज आहे का हे विचारलंच नाही. जीएसटीच्या मागोमाग व्यवसाय कराची वर्षाला २,५०० रुपयांची बाबही आली होती, तीही तेव्हाच कळली. मी निघताना फी विचारली तर ते म्हणाले, "तुम्हाला माझी गरज नाही. हिशेब नीट लिहून घेईल असा कोणीतरी गाठा." गरज नाही असं सांगणारा माणूस आम्हाला त्या महिन्यात एकच भेटला, आणि त्यानंतर ज्याच्याकडे गेलो त्याला मी याच फूटपट्टीने मोजत गेले.

चार्टर्ड अकाउंटंट, कर सल्लागार, जीएसटी प्रॅक्टिशनर, दिवाणजी, ई-सेवा केंद्रातला मुलगा, सगळ्यांना आपण सरसकट 'सीए' म्हणतो. पाटीवर 'टॅक्स' दिसलं की झाला सीए. खरा सीए म्हणजे १९४९च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेचा सदस्य. त्याला सदस्य क्रमांक असतो आणि तो त्या संस्थेकडे तपासता येतो. ऑडिट करण्याचा, प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्याचा. त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर १८ अंकी-अक्षरी यूडीआयएन क्रमांक लागतो. बँकेसाठी दाखला घेतलात आणि त्यावर हा क्रमांक नसेल, तर तो दाखला घेऊन बँकेत जाऊच नका. जीएसटी प्रॅक्टिशनरची जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी असते आणि त्याला परीक्षा द्यावी लागते. कर सल्लागार म्हणवून घेणाऱ्यांत तीस-तीस वर्षं काम केलेली उत्तम माणसं आहेत, आणि गेल्या दिवाळीत पाटी लावलेलेही आहेत. त्यांचं काम पाहूनच ठरवावं लागतं.

अगदी छोट्या धंद्याला बहुतेक वेळा ऑडिट लागत नाही. प्राप्तिकरात लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. वर्षाची उलाढाल दोन कोटींपर्यंत असेल तर रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, तपशीलवार वह्या ठेवण्याची सक्ती नाही. जावेच्या नऊ लाखांवर ८ टक्के म्हणजे ७२,००० रुपये. हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं, पण त्या सीए गृहस्थांनी 'किमान' या शब्दावर बोट ठेवलं. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. तिचा होता. तो दाखवूनही कर शून्यच आला.

यानंतर आम्ही आणखी दोघांकडे गेलो. पहिल्याच्या ऑफिसात एसी होता. त्याने जावेकडे न पाहता माझ्या दिरांना विचारलं, "लोन काढायचंय का? मग इन्कम वाढवून दाखवू. नाहीतर कमी करू." जणू ब्लाउजची बाही आहे, हवी तेवढी वाढवा किंवा कमी करा. उद्यम नोंदणीचे पंधराशे रुपये होतील असंही तो म्हणाला. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, सरकार तिचा एक रुपया घेत नाही. कोणी भरून देण्याची मजुरी घेतली तर ते समजू शकतं, पण त्याने ती 'सरकारी फी' म्हणून सांगितली. आम्ही चहा पिऊन उठलो.

दुसरी होती तहसील कचेरीच्या बाजूच्या गाळ्यात बसणारी एक तरुण बाई, जीएसटी प्रॅक्टिशनर. पंखा, एक संगणक, भिंतीला कपाट. तिने आधी विचारलं, "वही आणलीय?" जावेने पिशवीतून वही काढली. मागच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं, पुढच्या पानांवर विक्री, मध्येच मुलाच्या औषधाचा खर्च. तिने दहा मिनिटं पानं उलटली आणि म्हणाली, "उधारी कुठे लिहिता? आणि घरात काढलेले पैसे?" दोन्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं. धंद्याच्या गल्ल्यातून घराचं दूध, मुलांची फी, सगळं जात होतं. महिन्याच्या शेवटी पैसे का उरत नाहीत याचं कोडं तिने तिथेच सोडवून दाखवलं. मग ती म्हणाली, "पासवर्ड मला देऊ नका. तुमच्या फोनवर ओटीपी येईल तेव्हा मी फोन करीन, कशासाठी आलाय ते सांगीन, मगच द्या." तिलाच काम दिलं.

आता ते पासवर्डचं. सुशिक्षित घरांतही मी पाहिलंय, प्राप्तिकराचा पासवर्ड काय विचारलं तर 'ते वकीलसाहेबांकडे असतं' असं उत्तर येतं. नोंदणी कोणतीही असो, मोबाइल आणि ईमेल आपलाच हवा. ईमेल नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून काढून घ्या, पण तो आपल्या नावाचा असू द्या. जीएसटीच्या पोर्टलवर तर आपण एखाद्या नोंदणीकृत प्रॅक्टिशनरला काम सोपवू शकतो आणि नको वाटलं तर काढूनही घेऊ शकतो. तो त्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून काम करतो. त्याला आपली किल्ली द्यावीच लागत नाही. ज्यांच्याकडे नंबर आहे आणि एखाद्या महिन्यात काही विक्री नाही, त्यांना नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवूनही नील रिटर्न भरता येतं. मोबाइल दुसऱ्याचा असेल तर तेवढंही आपल्या हातात राहत नाही.

आणि भरल्याची खात्री करायला कोणाला विचारण्याची गरज नाही, म्हणजे लिहाजाचा प्रश्नच मिटला. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर' आहे. तिथे आपला नंबर टाकला की लॉगिन न करताही नोंदणी चालू आहे की रद्द आणि कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं, सगळं दिसतं. शाळेच्या क्लार्कने हेच पाहिलं होतं. आम्ही आधी पाहिलं असतं तर? प्राप्तिकराचं रिटर्न भरून झालं की पोचपावती मागून घ्या, आणि नुसतं भरून भागत नाही हेही लक्षात असू द्या. भरल्यापासून ३० दिवसांत त्याचं ई-व्हेरिफिकेशन व्हावं लागतं, बहुतेक वेळा आधारच्या ओटीपीने. हे राहून गेलं म्हणून रिटर्न मुदतीत भरल्याचं धरलं गेलं नाही, अशी दोन घरं माझ्या माहितीत आहेत.

फीबद्दल आधीच मोकळं बोलून घ्यावं. वर्षाचे किती, त्यात काय काय येतं, नील रिटर्नचे वेगळे पैसे का, नोटीस आली तर उत्तर कोण देणार. आमच्या घोळाचं मूळ यातही होतं. पहिला माणूस रिटर्नमागे पैसे घ्यायचा, त्यामुळे रिटर्न नाही म्हणजे पैसे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणजे आठवणही नाही. आता जाऊ वर्षाची ठरलेली रक्कम दोन हप्त्यांत देते आणि पावती घेते. कोणी परताव्याच्या रकमेत टक्केवारी मागितली तर मात्र सावध व्हा. सीएला अशी टक्केवारीवर फी घेण्याची त्याच्या व्यवसायाच्या नियमांनी एरवी मुभा नाही, आणि टक्केवारी घेणाऱ्याला परतावा फुगवण्याचा मोह होणारच. न दिलेल्या देणग्या, नसलेली भाडी दाखवून परतावा आणून देणारे शहरोशहरी आहेत. चौकशी निघाली की ते भेटत नाहीत. पॅन आपलं असतं, उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. धंदा जावेचा, पॅन तिचं, नोंदणी तिच्या नावाची. तरी पहिला माणूस सगळं बोलायचा दिरांशी. ती चहा ठेवायला आत जायची आणि तिच्या धंद्याचे निर्णय बाहेर व्हायचे. माझे दीर मनाने चांगले आहेत, पण त्यांना ना मापं कळतात ना उधारी. ज्याच्याकडे काम द्याल तो धंदा करणाऱ्या बाईशी थेट बोलतो का, तिला समजेल अशा भाषेत बोलतो का, हे पाहा. आमच्या घरी दखनी बोलतात. नवी बाई मराठीत बोलते, पण जाऊ अडली की थांबून पुन्हा सांगते. उलट प्रकारही होतो. धंदा नवऱ्याचा किंवा भावाचा, नाव मात्र बायकोचं किंवा बहिणीचं, आणि तिला कोऱ्या कागदावर सही करण्यापलीकडे काही माहीत नाही. कर थकला तर नोटीस तिच्या नावाने येते. सही करण्याआधी काय आहे ते विचारण्याचा हक्क तिला आहे, आणि विचारलं म्हणून कोणी रागावू नये.

आपल्या घरांत आणखी एक हिशेब असतो, जकातीचा. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं, जकातीचं वर्ष चंद्राचं. ते जवळजवळ ११ दिवसांनी लहान असतं. जकात जर कोणी दरवर्षी ३१ मार्चलाच काढत राहिला तर साधारण ३३ वर्षांत एका वर्षाची जकात राहून जाते, हे मी सातवीच्या मुलांना गणित म्हणून घातलं होतं. अनुमानित योजनेत सरकार वह्या मागत नाही म्हणून पुष्कळ जण वह्याच ठेवत नाहीत, आणि मग रमजानमध्ये जकात अंदाजाने काढतात. जावेची पद्धत आता ठरली आहे. तिच्या जकातीच्या तारखेला ती रोख, बँकेतली रक्कम, विकण्यासाठी आणलेलं कापड, तयार माल आणि येणारी उधारी लिहिते, व्यापाऱ्याचं देणं वेगळं लिहिते. मशिनं त्यात धरत नाही, ती कामाची हत्यारं. गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेलं कापड आता वेगळ्या फळीवर असतं. ती अमानत, तिच्या मालात मोजायची नाही. किंमत कोणती धरायची, कोणती उधारी मोजायची, असले मसले आलिमांना विचारायचे. हिशेबनीस त्याचं उत्तर देऊ शकत नाही, पण ज्या यादीवरून उत्तर काढायचं ती यादी नीट ठेवायला तो शिकवू शकतो.

बचत खात्यावर जमा होणाऱ्या व्याजाचंही असंच. बरीच घरं ते वापरत नाहीत, सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकतात. पण दिलं म्हणून ते रिटर्नमधून नाहीसं होत नाही. बँक ती रक्कम प्राप्तिकर खात्याला कळवते आणि ती आपल्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. ती रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. हिशेबनीसाला आपली बाजू आधीच सांगून ठेवावी. व्याजाचं कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट नको असेल तर तेही. त्याला ठाऊक नसेल तर तो नेहमीप्रमाणे तोच सल्ला देणार. त्यात त्याची चूक नाही.

आपल्याही काही चुका असतात. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बिलांची पिशवी नेऊन टेबलावर ओतायची, फी सहा महिने लांबवायची, अर्धी विक्री लपवायची आणि वर 'ॲडजस्ट करा' म्हणायचं. ज्या आयतीचा मी उल्लेख केला, तिच्यातच लिहिणाऱ्याला त्रास देऊ नये असंही आहे. त्या गाळ्यातल्या बाईने आम्हाला सांगितलं, तिचे निम्मे गिऱ्हाईक तिला खरी वही दाखवतच नाहीत. मग ती तरी काय लिहिणार?

जावेकडे आता दोन वह्या आहेत, मापांची वेगळी आणि पैशांची वेगळी. दुसऱ्या वहीत ती रोज रात्री इशाच्या नमाजनंतर पाच ओळी लिहिते: विक्री, खरेदी, मजुरी, उधारी, घरात काढले. यूपीआयचा क्यूआर कोड धंद्याच्या वेगळ्या खात्याला जोडला आहे. जीएसटी नंबर पुन्हा घेतलेला नाही. घ्यायची वेळ येईल तेव्हा घेऊ, असं गाळ्यातल्या बाईचं म्हणणं आहे, आणि ती वेळ केव्हा येईल तो आकडा तिने जावेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही दोघी त्याच शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना भेटून शाळेला जीएसटीच्या बिलाचा काही उपयोग नाही हे समजावलं, सोबत सही केलेलं पत्र दिलं की आमची उलाढाल मर्यादेच्या आत आहे. त्यांनी क्लार्कला बोलावलं. त्याने पत्र दोनदा वाचलं. सगळी ऑर्डर मिळाली नाही. ती आता दुसऱ्या दुकानाकडे आहे आणि त्या दुकानाचं काम चांगलं आहे. पाचवी ते सातवीच्या मुलींचे सलवार-कमीज मात्र जावेकडे आले, १४० जोड. साध्या बिलावर.